शंभर टक्के उगवण

जालन्यात अंबड चौफुलीवर मी गाडी एकदम थांबवली. मागचा टेम्पोवाला आईवरून काहीतरी बोलला आणि वळसा घालून निघून गेला. समोर खांबावर माझं तोंड लटकत होतं. माणसापेक्षा मोठं. फोटो कंपनीच्या ओळखपत्रावरचा, पण माझ्या धाकट्या भावानं, भुजंगनं, मला गोरी केली होती, ओठांना रंग दिला होता आणि कपाळावर मी उभ्या जन्मात लावली नाही एवढी टिकली चिकटवली होती. खाली पिवळ्यावर लाल अक्षरं. ‘डॉ. दैवशालाताई रामराव सोळंके यांना व्यवस्थापन शास्त्रातील डॉक्टरेट प्राप्त झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ त्याच्याखाली शुभेच्छुकांची मुंडकी एका ओळीत, आणि त्यात सगळ्यात मोठं मुंडकं भागवतरावांचं, अंबडच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष. प्राप्त झाल्याबद्दल! माझा सध्या कुठं प्रवेशसुद्धा नव्हता. मी साधा अर्ज भरला नव्हता. नोकरी सांभाळून, दूरस्थ पद्धतीनं डॉक्टरेट करायची तर ती कोणत्या संस्थेतून करावी, कुणाची मान्यता खरी आणि कुणाची खोटी, एवढंच मी गेले काही महिने बघून राह्यले होते. तेवढ्यात आमच्या माणसांनी मला पदवी देऊनसुद्धा टाकली होती.

चौफुलीवर टायरचं दुकान आहे ते कलीमभाईंचं. वीस वर्षांपासून माझ्या गाडीचं पंक्चर तेच काढतात. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि लंगडत पुढं आले. ‘‘म्याडम, मुबारक. डॉक्टर झाल्या म्हणं तुम्ही? आता ह्या गुडघ्याचं बघा की जरा. चढताना लई दुखतो.’’

‘‘कलीमभाई, मी तसली डॉक्टर न्हाई.’’

‘‘मंग कसली?’’

‘‘धंद्याची. बियाणं कसं इकावं, लोक का घेतात, त्याची.’’

त्यांनी एकदा वरच्या फोटोकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. ‘‘मंग उसका क्या फायदा?’’ असं म्हणले आणि हसत दुकानात गेले. त्यांना उत्तर नकोच होतं. मी मात्र गाडी बाजूला लावून उत्तर शोधत उभी राहिले, आणि मग भुजंगला फोन लावला. त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. मशीन आल्यापासून तो गावातली कोणतीही बातमी छापल्याशिवाय सोडत नाही.

‘‘आक्का, कसं झालंय? बघितलं का?’’

‘‘तुला कोणी सांगितलं मला डॉक्टरेट मिळाली म्हणून?’’

‘‘तूच म्हणली न्हाई का पाडव्याला, डॉक्टरेटचं चाललंय म्हणून.’’

‘‘चाललंय म्हणले. झालंय म्हणले न्हाई.’’

‘‘आता चाललंय म्हंजी होणारच की. भागवतराव म्हणले जल्दी मार. मशीन रिकामं होतं, मारून टाकलं. आष्टीला बी एक लावलंय, आपल्या आबाला दिसंल असं, बसस्टँडला.’’

फोन ठेवला तेव्हा माझ्या अंगाची आग होत होती. आमच्याकडं आधी छापतात आणि मग घडायची वाट बघतात. गावोगाव भावी आमदार लटकलेले असतात, पण त्यांच्या पुढं निदान भावी तरी लिहिलेलं असतं. माझ्यापुढं तेवढीसुद्धा लाज ठेवली नव्हती. रागात मी गाडी चालू केली, आणि आरशात बघून मागं वळायच्या आधी अजून एकदा वर बघितलं. तेव्हाच मला ते कळलं. बाकी सगळा राग खरा होता, पण ती दोन अक्षरं मला आवडली होती. डॉ. दैवशाला. जिभेवर खडीसाखर ठेवावी तसं ते आत विरघळत गेलं, आणि एमआयडीसीच्या रस्त्याला लागेपर्यंत मी ते मनात तीनचारदा म्हणून बघितलं. आवडलं तर आवडलं. मी कुणाला भीत नाही आणि स्वतःलाही भीत नाही. का आवडलं तेही मला माहीत होतं. माझ्या नावापुढं दहा वर्षं सौ. होतं. सोडचिठ्ठी झाली तशी त्या जागेला एक खड्डा पडला. लग्नाच्या पत्रिकेवर माझं नाव घालायची वेळ आली की घराघरात बैठका बसतात. सौ. लिहावं तर खोटं, कुमारी लिहावं तर हसू येतं, आणि श्रीमती लिहिलं तर लोकांना वाटतं नवरा मेला. चुलत्याच्या पोरीच्या पत्रिकेत त्यांनी सरळ माझं नावच गाळलं होतं. ‘‘घोळ नको म्हणून,’’ काकू म्हणाली. मी त्या लग्नात वाढपाच्या रांगेत उभी राहून बुंदी वाढली आणि एकेकाच्या ताटाकडं बघत ठरवलं, की ह्या रिकाम्या जागेत आपण असं काही घालू की ते कुणाच्या बापाला, कुणाच्या नवऱ्याला विचारायची गरज पडणार नाही. त्यामुळं कलीमभाईंच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे होतं. फायदा असा की बाईच्या नावापुढचा खड्डा बुजतो. उत्तर खरं होतं, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती, पण तेवढंच असतं तर मी एवढे महिने कशाला घालवले असते? ती दोन अक्षरं तर कुठंही मिळतात.

कुठंही मिळतात हे मी आतून बघितलेलं होतं. दूरस्थचा विचार डोक्यात यायच्या आधी मी रीतसर पीएच.डी.ला नाव घातलं होतं, मोठ्या विद्यापीठात, मोठ्या गाइडकडं. गाइड म्हणजे सर. सरांकडं दर शनिवारी जायचं. पहिल्या शनिवारी त्यांनी माझा विषय ऐकला आणि त्यांच्या मिसेसनं मला आत बोलावून गवार निवडायला दिली. मला वाटलं, चला, घरच्यासारखं वागवतात. सुनेच्या डोहाळजेवणाला आम्ही तिघी संशोधक बायका दिवसभर पुऱ्या लाटत होतो आणि बाहेरच्या खोलीत सर पाहुण्यांना सांगत होते, ह्या माझ्या स्कॉलर. तिथं मी एक ओपन व्हायवा, म्हणजे प्रबंधाची जाहीर तोंडी परीक्षा, बघितला. हॉल भरलेला, पुढच्या रांगेत उमेदवाराचे सासू-सासरे, टेबलावर शाली आणि नारळ. बाहेरगावच्या परीक्षकाला परतीच्या गाडीची घाई होती. त्यानं विचारलं, ‘‘हा विषय आपण का निवडला?’’ उमेदवार म्हणाला, ‘‘सरांनी दिला म्हणून.’’ सगळे हसले, टाळ्या झाल्या, आणि मागच्या मांडवातून मटणाचा वास आला तशी माणसं खुर्च्या सरकवून उठायला लागली. घाम आला होता तो फक्त आचाऱ्याला. नंतर माझी पाळी आली तेव्हा सरांनी एक जुना प्रबंध पुढं ठेवला. ‘‘बाई, तुमच्याकडं वेळ कमी आहे. ह्यात बीडच्या जागी जालना करा.’’ मी तो प्रबंध तिथंच ठेवून चपला घातल्या. पायरी उतरताना मिसेस म्हणाल्या, ‘‘अगं, मेथी निवडायची राह्यली.’’

कंपनीत पोचले तेव्हा वॉचमननं सलाम जरा जास्तच खाली वाकून केला. म्हणजे त्यानंही बघितलं होतं. आमची कंपनी बियाण्याची, मी विक्रीची प्रमुख. खाली गोदामात बीजप्रक्रिया चालते, म्हणजे बियाण्याला गुलाबी औषध चोळतात, सगळ्या हवेत त्या औषधाचा उग्र वास असतो आणि कामगारांचे पंजे कोपरापर्यंत गुलाबी असतात. नवीन लागले तेव्हा माझेही असायचे. लग्नाला गेलं तर बायका विचारायच्या, मेंदी अशी कशी रंगली? मी केबिनचं दार लावून बसले आणि फोन वाजला. तृप्ती मॅडम. ह्या तृप्ती मॅडम एका आंतरराष्ट्रीय म्हणवणाऱ्या बिझनेस स्कूलच्या प्रवेश सल्लागार. कुठं बसतात माहीत नाही, पण आवाज मधाळ. दीड वर्षात डॉक्टरेट, प्रबंधाला मदत त्यांचीच, पदवीदान दिल्लीच्या मोठ्या हॉटेलात, झगा-टोपीसकट. त्यांच्या माहितीपत्रकावर खालच्या बाजूला सोनेरी शिक्के होते, इतके की कागद जड वाटावा. आणि सांगते, पहिल्यांदा ते बघून मीसुद्धा भुलले होते. वीस वर्षं मी पिशव्यांवर लेबल लावून विकत आले आणि स्वतः गिऱ्हाईक झाले तर शिक्के मोजत बसले. दुसऱ्या बाजूला युरोपातली एक जुनी शाळा होती. तीही दूरस्थच, पण चार-पाच वर्षांची, आणि तिच्या पत्रकावर शिक्का एकच. मला तर ती गरीब वाटली होती. मग मी वाचायला लागले. रात्रंदिवस नाही, डब्यातली पोळी खाता खाता, पण नेटानं. कळलं ते असं, की शाळांना तपासणाऱ्या जुन्या जाणत्या संस्था जगात मोजक्याच आहेत. त्यातली कुणी सबंध शाळा तपासते, तर कुणी नेमका अभ्यासक्रम तपासते. शाळेला मान्यता आहे म्हणजे त्यांच्या डॉक्टरेटला आहेच असं नाही, ते वेगळं विचारावं लागतं. आणि शिक्का देणाराच कोण, त्याला कोण ओळखतं, हे तर सगळ्यात आधी विचारावं लागतं. युरोपातल्या शाळेचा तो एकच शिक्का अशाच एका जुन्या संस्थेचा होता. तृप्ती मॅडमच्या सोनेरी शिक्क्यांपैकी एकालाही कुणी ओळखत नव्हतं, ते फक्त एकमेकांना ओळखत होते.

‘‘मॅडम, काँग्रॅच्युलेशन्स ॲडव्हान्समध्ये,’’ तृप्ती मॅडम फोनवर म्हणाल्या. ‘‘आज फॉर्म भरताय ना? सीट्स संपत आल्यात.’’

‘‘भरते. तुम्हाला मान्यता देणारी ती जागतिक परिषद आहे ना, तिच्याशी एकदा बोलून घेते.’’

‘‘हो हो, अवश्य. नंबर वेबसाइटवर आहे.’’

मी नंबर लावला. परदेशातला वाटावा असा होता. जरा वेळ बासरी वाजली आणि मग कुणीतरी इंग्रजीत नमस्कार केला, नाक दाबून बोलावं तसा. मी इंग्रजीत विचारलं, तुम्ही अमुक स्कूलला मान्यता दिलीय का? उत्तर आलं, हो, सर्वोच्च श्रेणीची. पाठीमागं कुणीतरी मराठीत ओरडलं, ‘‘डबा आला गं!’’

‘‘तृप्ती मॅडम,’’ मी म्हणाले, ‘‘तुम्हीच का?’’

मग तोच मध, पण पातळ झालेला. ‘‘मॅडम, आज आमच्याकडं स्टाफ कमी आहे.’’

मला खदखदून हसू आलं. तीसुद्धा हसली, बिचारी, पोटासाठी दोन खुर्च्यांवर बसत असेल. फोन ठेवायचा होता तरी मी ठेवला नाही. ‘‘बरं, एक सांगा. तुमच्याकडं आजवर नापास किती झाले?’’

‘‘नापास?’’ तिला शब्दच नवीन होता. ‘‘नाही मॅडम, कुणीच नाही. आमचा सक्सेस रेट शंभर टक्के आहे.’’

शंभर टक्के. हा आकडा ऐकला आणि माझं हसू गेलं. पंख्याखाली बसलेली असून माझ्या पायाला गरम ढेकळं लागायला लागली. कित्येक वर्षांपूर्वीचं, कुंभार पिंपळगावच्या शिवारातलं ते रान होतं, मृगातलं, आणि त्यात सोयाबीन उगवलेलं नव्हतं. बियाणं उगवलं नाही की शेतकरी अर्ज करतो, मग तक्रार समिती रानात येते. कृषी अधिकारी, विद्यापीठाचे शास्त्रज्ञ, आणि कंपनीच्या बाजूनं एक माणूस. त्या वेळी ते माणूस मी होते. रान तुळजाबाईंचं. पदर खोचून बांधावर उभ्या होत्या आणि त्यांनी मला जी शिव्यांची आंघोळ घातली तिच्यातले काही शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. ‘‘ह्या टिकलीवाल्या बाईला उकरून दावा रे! तुमचा माणूस दुकानात काय म्हणला? शंभर टक्के उगवण म्हणला. लेकराची आन घेऊन म्हणला. कुठंय तुमचं शंभर टक्के? हे बघ, हे बघ.’’ त्या हातानं ओळ उकरत होत्या आणि सडलेलं, चिकट झालेलं बी माझ्या पायाजवळ टाकत होत्या. पिशवीवर सत्तर टक्के छापलेलं होतं. खरं तर सोयाबीनला नियमानं तेवढंच लागतं, सत्तर. शंभर बियांतल्या तीस आम्हीच मेल्या म्हणून धरलेल्या असतात आणि त्या हिशोबानं शेतकऱ्यानं दाट पेरायचं असतं. आमच्या विक्रेत्यानं शंभर म्हणलं म्हणून तुळजाबाईंनी पातळ पेरलं. बी वाईट नव्हतं हो. खोटं बोलणं वाईट होतं. उरलेलं पावसाच्या खंडानं केलं. मी त्या दिवशी समितीसमोर कंपनीची बाजू मांडली नाही, जे झालं ते सांगितलं, कंपनीला भरपाई द्यावी लागली, आणि कंपनीचे साहेब महिनाभर माझ्याशी बोलत नव्हते.

तिथून मला बी विकायचं कसं असतं ते कळलं, असं आता वाटतं. शिक्क्याचं म्हणाल तर आमच्याकडं दोन रंग असतात. निळं लेबल म्हणजे सरकारी यंत्रणेनं रान बघितलं, बी तपासलं. हिरवं लेबल म्हणजे सत्यप्रत, कंपनी स्वतःच म्हणते, बी चांगलं आहे, हा माझा शब्द. आमचं निम्म्याहून जास्त बी हिरव्यावरच जातं आणि झकास उगवतं. त्यामुळं स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र दिलं म्हणून कुणी चोर ठरत नाही, आणि दुसऱ्यानं दिलं म्हणून साव ठरत नाही. मग फरक कशानं पडतो? मला वाटतं, उगवलं नाही तर रानात येऊन कोण उभं राहतं, त्यानं पडतो. शिव्या कोण खातं, त्यानं. आणि किती उगवणार नाही हे आधी कोण छापतं, त्यानं. बियाण्याच्या धंद्यातलं शेंबडं पोरसुद्धा शंभर टक्क्यांवर विश्वास ठेवत नाही. जिथं एकही बी मरत नाही तिथं बी नसतं, वाळू असते. तृप्ती मॅडमच्या शाळेत एकही नापास होत नाही म्हणजे तिथं कुणी शिकतच नाही, हे मला एका वाक्यात कळलं, आणि त्या सोनेरी शिक्क्यांची चौकशी करण्यात मी वाया घालवलेले सगळे दुपारचे डबे आठवले.

पण कळलं म्हणजे सुटलं असं कुठं असतं? दुपारी भागवतरावांनी अंबडला बोलावलं होतं, आणि मी गेले. मला जायचं होतं म्हणून गेले. त्यांच्या संस्थेचं व्यवस्थापन महाविद्यालय आहे, त्याचं संचालकपद मोकळं होतं आणि ते मला हवं होतं. आजही म्हणते, हवं होतं. घनसावंगीकडून, परतूरकडून पोरी एसटीनं येतात तिथं शिकायला, आणि त्यांना शिकवतात ते मास्तर ज्यांनी आयुष्यात कुणाला चार आण्याचं चॉकलेट विकलेलं नाही. मी ते कॉलेज सरळ करून दाखवलं असतं. माझ्यात तेवढी धमक आहे. कॉलेजात रंगाचा वास होता. मान्यतेची समिती येणार म्हणून भिंती रंगवणं चाललं होतं, आणि ग्रंथालयात दुसऱ्या कॉलेजातून आणलेली पुस्तकं उतरवून घेत होते. दोरीनं बांधलेले गठ्ठे, न उघडलेले, परत जायचे तसेच.

‘‘या डॉक्टरीणबाई!’’ भागवतराव खुर्चीतून अर्धे उठले. ‘‘फ्लेक्स बघितला ना? भुजंगचं काम एकदम बराबर. बसा. चहा का सरबत?’’

‘‘काका, मला डॉक्टरेट मिळालेली न्हाई.’’

‘‘मिळंल की. ते दीड वर्षवालं म्हणत होता ना तुम्ही, ते घेऊन टाका. प्रवेशाचा कागद जरी आणला तरी मी तुम्हाला जूनला बसवतो. प्रभारी म्हणून लिहू.’’

‘‘ती शाळा बोगस आहे. मान्यता देणारी बाई आणि प्रवेश देणारी बाई एकच आहे. आज सकाळी बोलले मी तिच्याशी.’’

ते इतके हसले की पोट टेबलाला लागलं. ‘‘मंग सोपं झालं की! एकाच फोनमध्ये काम.’’ मग पुढं वाकले. ‘‘बाई, खरं बोलतो, राग धरू नका. आमच्याकडं कमिटी येती, फायली बघती, जेवती, जाती. मान्यता म्हंजी काय? पाव्हण्यानं जेवण चांगलं झाल्तं म्हणायचं. नावापुढं डॉ. पायजे, कुठलं का असंना. कोण बघतंय?’’

‘‘आणि ती युरोपातली केली तर?’’

‘‘चांगली असंल. पण पाच वर्षं! आणि दूरस्थची डॉक्टरेट तर प्राध्यापकाच्या नेमणुकीला धरतच न्हाईत आपल्याकडं. म्हंजी खरी करा का खोटी करा, कागदावर दोन्ही सारख्याच. मंग खऱ्याचा खर्चा कशाला?’’

ह्या माणसाला मी मूर्ख समजत नाही. त्यानं सांगितलं ते शंभर वेळा तपासून बघितलं तरी बरोबर होतं. इथं माझ्यासाठी त्या दोन कागदांची किंमत एकच होती, आणि खोट्या कागदाबरोबर खुर्ची मिळत होती. खिडकीतून पोरी दिसत होत्या, नळाजवळ घोळका करून एकमेकींच्या अंगावर पाणी उडवणाऱ्या. मी त्यांच्याकडं बघत राहिले आणि मला त्यांच्या पुढ्यात उभी असलेली मी दिसायला लागले. हातात खडू, फळ्यावर ‘ग्राहकाचा विश्वास’ असं काहीतरी लिहिलेलं, आणि मागच्या बाकावरची एखादी आगाऊ पोरगी, माझ्यासारखीच, उठून विचारते आहे, मॅडम, तुमचा प्रबंध कशावर होता? मला काय वाटेल हे मी शोधत होते. लाज? भीती? तसलं काही आलं नाही. आला तो कंटाळा. रोज सकाळी उठून त्या पोरीला चुकवत जगायचा नुसता कंटाळा. भागवतरावांना म्हणलं, उद्या कळवते, आणि निघाले. वाटेत एसटीच्या मागं मागं गाडी चालवताना धूर खात होते तरी डोकं स्वच्छ होत चाललं होतं.

त्याच संध्याकाळी युरोपातल्या शाळेच्या प्राध्यापक बाईंशी बोलणं ठरलेलं होतं, संगणकावर. अर्जाच्या आधी त्या उमेदवाराशी बोलतात. केस पिकलेले, कातडी सुरकुतलेली, गळ्यात काही नाही. त्यांच्याकडं दुपार होती, खिडकीबाहेर राखाडी उजेड. त्यांचं इंग्रजी मला कळत होतं, माझं त्यांना कळायला जरा वेळ लागत होता, पण त्या थांबत होत्या. पहिलं त्यांनीच सांगितलं, की तुमच्या देशात ह्या पदवीवर अध्यापनाची नोकरी मिळेल असं आम्ही म्हणत नाही, तुम्हाला ते माहीत आहे ना? मी म्हणलं, माहीत आहे. मग कशासाठी? असं त्यांनी विचारलं, जवळजवळ कलीमभाईंच्याच आवाजात. आणि मी बोलायला लागले. मी सांगितलं, की आमच्या जिल्ह्यात शेतकरी पिशवीवरचं लेबल वाचत नाही. वाचता येत असूनही वाचत नाही. तो दुकानदाराच्या तोंडाकडं बघतो. एक माणूस आन घेतो आणि दुसरा त्याच्या शब्दावर सबंध मृग लावतो. हे का होतं, शब्द आणि लेबल ह्यांच्यात नेमकं कुठं काय तुटतं, हे मला वीस वर्षं कळलेलं नाही. मी बी विकते आणि मला हेच माहीत नाही की मी काय विकते. बोलताना माझे हात हलत होते आणि मला एकदम वाटलं की माझ्या छातीत कुणीतरी दार उघडलंय. नावापुढच्या खड्ड्याची आठवणही नव्हती. बाई लिहून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, तुम्हाला काही विचारायचंय?

‘‘तुमच्याकडं नापास किती होतात?’’

त्या दचकल्या नाहीत. चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, साधारण तिघांतला एक पूर्ण करत नाही. काही स्वतः सोडतात, काहींना आम्ही थांबायला सांगतो. तुमचं वय, तुमची नोकरी, तुमचं इंग्रजी बघता तुम्ही त्यातल्या असू शकाल, हे मी तुम्हाला आत्ताच सांगते. तिघांतले दोन उगवणार. म्हणजे सहासष्ट-सदुसष्ट टक्के. माझ्या तोंडून मराठीतच निघालं, ‘‘हां, हे बी खरं आहे.’’ बाईंनी विचारलं, काय म्हणालात? मी म्हणलं, काही नाही, अर्ज पाठवते.

संगणक बंद केला आणि भागवतरावांना फोन लावला. त्यांना वाटलं होकार आला. मी म्हणलं, ‘‘काका, दुसरं कोणी शोधा. आणि तुमचं तोंड माझ्या फोटोखालून काढून घ्या, मी माझं उतरवायला लावते भुजंगला.’’

‘‘बाई, पस्तावाल. एवढी खुर्ची कोण सोडतं?’’

‘‘मी सोडते.’’

‘‘बिलकुल डोकं न्हाई तुम्हाला,’’ ते म्हणाले आणि रागानं फोन कापला. मला वाटलं होतं जरा रडू येईल. आलं नाही. भूक लागली होती. मी ठेचा-भाकरी करून पोटभर खाल्ली आणि प्रस्ताव लिहायला बसले. त्याला श्रावण संपेपर्यंत वेळ लागला. एकेक वाक्य इंग्रजीत नेताना त्याचे हातपाय मोडत होते, मी परत सांधत होते. पाठवला तेव्हा वाटलं, ह्यापेक्षा चांगलं कुणी लिहूच शकत नाही. दुसऱ्याच आठवड्यात तो परत आला. त्याच बाईंनी वाचला होता, सगळा, शेवटच्या ओळीपर्यंत. लिहिलं होतं, हे संशोधन नाही. तुम्हाला जे आधीपासून वाटतं ते तुम्ही पुराव्याशिवाय मोठ्या आवाजात सांगितलं आहे. सध्या प्रवेश देता येत नाही. प्रश्न चांगला आहे. नव्यानं लिहा आणि जानेवारीत परत पाठवा. पहिल्यांदा माझे कान तापले. मी खोलीत फेऱ्या मारल्या, बाईला मराठीत दोनचार शब्द हासडले, तुळजाबाईंकडून शिकलेले. मग खुर्चीत बसून परत वाचलं. आणि त्यात एक विचित्र सुख होतं, ते कसं सांगू? सरांनी माझं कधी एक पान वाचलं नव्हतं. भागवतरावांना वाचायचं नव्हतं. भुजंगनं तर न वाचता छापलं. हजारो मैलांवरच्या एका म्हातारीनं माझं वाक्य न वाक्य वाचून, त्यात कुठं दम नाही तिथं बोट ठेवलं होतं. आणि बोट बरोबर जागी होतं.

भुजंगला मी हे सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी आष्टीहून आबांचा फोन आला. आबा म्हणजे माझे वडील, रामराव, ऐंशीच्या घरातले, पण आवाज अजून शिवारभर जाणारा. भुजंगनं त्यांच्यापर्यंत अर्धी बातमी पोचवली होती.

‘‘दैवशाला, काय ऐकून राह्यलोय मी? तुला नापास केलं म्हणं?’’

‘‘हां आबा. केलं.’’

‘‘माझ्या लेकीला? कोण हाय ती? नाव सांग. ती दुसरी लोकं तर घरी आणून देऊन राह्यली होती ना पदवी, झग्यासकट? मंग तिथं घे की. ह्या नापास करणाऱ्याकडं कशाला जाती परत?’’

‘‘आबा,’’ मी म्हणाले, आणि म्हणतानाच पेन उघडून कागद पुढं ओढला, ‘‘तिला नापास करता येतं. म्हणून तर चालले.’’